भरल्या गालाची कोळंबी

त्यांच्या उजव्या हाताचा थाट घरी आलेल्या जावयासारखा होता. त्याला ऊन चालत नसे, गर्दी चालत नसे, शेकहॅण्ड तर मुळीच चालत नसे. बसमध्ये दांडी डाव्या हातानं धरायची, दिव्याचं बटण डाव्या हातानं दाबायचं, हजेरीची सहीसुद्धा डाव्या हातानं. ती सही म्हणजे मुंगी शाईत पडून जीव घेऊन पळालेली. उजवा हात पांढऱ्या रेशमी रुमालात गुंडाळून पोटाशी धरलेला असायचा. नवीन माणूस हमखास विचारी, "फ्रॅक्चर का सर?" मग ते कुणीतरी वाडवडिलांना शिवी दिल्यासारखे बघत आणि एकच शब्द बोलत, "कैरासी."

कैरासी म्हणजे हाताला असलेलं यश. तमिळ मुलखात डॉक्टरची डिग्री मागाहून विचारतात, आधी कैरासी विचारतात. आपल्याकडेही "अमक्याच्या हाताला गुण आहे" म्हणतात, पण आपण ते म्हणून विसरून जातो. चेन्नईत त्यावर धंदे उभे राहतात. आमचा धंदा असाच एका माणसाच्या हातावर उभा होता. सगळे त्यांना कैरासी मामा म्हणत. मीही मनातल्या मनात तेच म्हणायची, तोंडावर मात्र सर.

आमची हॅचरी चेन्नईच्या दक्षिणेला, समुद्राला लागून. कोळंबीच्या माद्या टाक्यांत ठेवायच्या, त्यांनी अंडी घालायची, पिल्लं झाली की ती तळ्यांत कोळंबी वाढवणाऱ्यांना विकायची. तेव्हा, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत, अशा माद्या कुणी घरी वाढवत नसे. त्या समुद्रातूनच यायच्या, ट्रॉलरवाल्यांनी जाळ्यात धरलेल्या. त्यातली कुठली अंडी देणार आणि कुठली नुसतंच खाऊन बसणार, हे बंदरावर उभं राहून ओळखणं हे कैरासी मामांचं काम. त्यांनी जन्मात कोळंबी खाल्ली नव्हती. वासानं उलटी यायची म्हणून नाकाला ओल्या गोपीचंदनाचा बोळा लावून फिरत. तंजावरी ब्राह्मण, डब्यात दहीभात, आणि पगार कशाचा, तर कोळंबीला मूल होईल की नाही ते सांगायचा!

मी मालवणकडची. मत्स्यशास्त्र शिकून, कोळंबीचे रोग बघायला म्हणून तिथं नोकरीला लागलेली. वेलचेरीत एक खोली घेतली होती, पावसाळ्यात तिच्यातही कोळंबी पाळता आली असती. पहिल्या दिवशी मला कळलं की हे सर मराठी आहेत. परमुलखात मराठी माणूस भेटला, मी हरखूनच गेले. म्हटलं, "सर, मी पण मराठी!"

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कोठल्या तुम्ही, बाई?"

"मालवणची."

"मग मराठी असं कां बोलतां?"

मी म्हटलं, "असं म्हणजे कसं?" ते शांतपणे म्हणाले, "आमचं मराठी राजांबरोबर तंजावरास आलं. तुमचं मागाहून जालं." त्यांच्या बोलण्यात झालं सगळं 'जालं' असायचं आणि आहे ते 'अहे'. वर तमिळ हेल. पहिला महिना मला ते बोलणं कीर्तनातलं वाटायचं, नंतर गोड वाटायला लागलं. माणूस मात्र गोड वाटायला मला फार कष्ट पडले आणि अजून पडतायत.

राहुकाळात तो हात पाण्याला लागायचा नाही. ट्रॉलर काय राहुकाळ बघून धक्क्याला लागतो? माद्या दूधवाल्याच्या कॅनसारख्या डब्यांत कोंडलेल्या, वर ऊन, आणि हे छत्रीखाली घड्याळ बघत उभे. दोनचार माद्या त्यातच मरायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, ह्या मेल्या!" तर म्हणे, "पाहा, दोष होता म्हणून मेल्या. हातानं आधीं शिवलं नाही तें बरं जालं." ह्या युक्तिवादापुढे माणसानं करायचं काय? समुद्रात उडी मारायची.

आणखी एक. मादीनं लवकर अंडी घालावीत म्हणून हॅचरीत तिचा एक डोळा काढतात. क्रूर वाटेल, पण तशी रीत आहे; त्यानं तिच्या अंगातला अंडी रोखून धरणारा रस कमी होतो. हे काम चाललं की मामा भिंतीकडे तोंड करून विष्णुसहस्रनाम पुटपुटत. काम संपलं की वळून विचारत, "दुखलं नाही की?" आणि कुणीतरी "नाही मामा" म्हटलं की समाधानानं दहीभाताचा डबा उघडत.

त्यांचं माद्या निवडणं बघायला मात्र लोक कामं टाकून यायचे. अगदी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. रुमाल सुटायचा, हात गुलाबपाण्यानं धुतला जायचा, मग एकेक कोळंबी तळहातावर. चाल बघायची, मिशा सरळ आहेत का बघायच्या, आणि सगळ्यात शेवटी गाल. कोळंबीला डोक्याच्या दोन्ही बाजूंना कवचाची झाकणं असतात, आत कल्ले. ती झाकणं म्हणजे मामांच्या मते गाल. एखादीचा गाल छान फुगलेला, टम्म भरलेला असला की त्यांचा चेहरा उजळायचा. "ही पाहा! गाल पाहा. घर भरणारी. लक्ष्मी अहे ही, लक्ष्मी!" चपट्या गालाची दिसली की तोंड वाकडं. "कोठून आणली ही? उपाशी सासरची."

हे खूळ त्यांनी कोळंबीसाठी शोधलं नव्हतं. आधी माणसांसाठी होतं. चेन्नईतली तंजावरी मराठी घरं मुलगी बघायला जाताना मामांना बरोबर नेत. मामा मुलीला नमस्कार करायला लावत, आशीर्वादाच्या निमित्तानं तिच्या गालाला दोन बोटं लावत, आणि परत जाताना गाडीत निकाल देत. भरला गाल, भरलं घर. बसका गाल, रिकामा पाळणा. हॅचरीच्या पहिल्याच मोसमात त्यांनी ह्याच मापानं माद्या निवडल्या, आणि दैव असं की त्या साली ढीगभर पिल्लं निघाली. खरं तर त्या साली समुद्रच उदार झाला होता, सगळ्याच हॅचऱ्या भरून वाहत होत्या. पण आमच्या मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, मामांच्या हाताला सोन्याची अंगठी घातली. झालं! तेव्हापासून हात रुमालात.

आमच्या लॅबमध्ये पद्मजा होती. तीही तंजावरकडची मराठी, माझ्याहून सातआठ वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. काटकुळी, उभट चेहऱ्याची, हसली की गालाचं हाड दिसणारी. कामाला वाघीण. मामांचा मुलगा राघू शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये होता. दोघं वेलचेरीहून एकाच शेअर ऑटोत बसायचे आणि बसता बसता व्हायचं ते झालं. पोरगा दिसायला बरा, पगार बरा, स्वभाव तर इतका बरा की त्याला मत म्हणून नव्हतंच. पद्मजाचा जीव होता त्याच्यावर. तिनं त्याला एकच सांगितलं होतं: "तूं तुझ्या अप्पाला सांग. मी सांगणार नाही, माझी आई सांगणार नाही. तूं." तो म्हणायचा, "योग्य वेळ येऊं दे." मिस्ड कॉल मात्र वेळेवर द्यायचा.

कुणीतरी मामांच्या कानावर घातलंच. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, ते पद्मजापुढे उभे राहिले. रुमाल सोडला. ती बिचारी पेला हातात धरून उभी. दोन बोटं गालाला लावली आणि माद्या नाकारायच्या त्याच आवाजात म्हणाले, "बसलेला. ह्या मुलीला पाळणा नाही." परत रुमाल बांधला आणि चहात साखर कमी आहे म्हणून ओरडले.

मी तोंड उघडणार तर पद्मजानं माझा हात दाबला. "नको अक्का. राघू बोलेल."

राघू बोलला नाही. तो तिला म्हणाला, अप्पांचा राग उतरू दे. मोसम उलटला, राग उतरायची वाट बघणं चालूच. मी तिला शंभरदा सांगितलं, सोड ग त्या मेणाच्या बाहुल्याला. ती म्हणायची, "तो वाईट नाही." वाईट नाही हे काय सर्टिफिकेट झालं? दुधी भोपळाही वाईट नसतो.

मधल्या काळात आमच्या टाक्या आटायला लागल्या. म्हणजे पाणी होतं, माद्या होत्या, आपल्या माकुळाचं, म्हणजे स्क्विडचं, महाग मांस खात होत्या, डोळा काढून घेत होत्या, अंडी नाहीत. मामांनी पाणी बदललं, टाकीची दिशा बदलली, पूजा घातली. बोटवाले मात्र खूश. त्यांना एवढंच कळलं होतं की ह्या रुमालवाल्याला फुगल्या गालाच्या माद्या लागतात. मग काय, सगळ्या बोटींतल्या फुगल्या गालाच्या वेचून आमच्यासाठी वेगळ्या डब्यात. मामा दिसले की धक्क्यावरून आरोळी यायची, "लक्ष्मी वन्दाच्चु!" लक्ष्मी आली! आणि मामा मान डोलवत पुढे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी इतक्या शब्दशः कधी पाहिलं नव्हतं.

मुदलाळींनी शेवटी मला बोलावलं. म्हणाले, पिल्लं नाहीत तर हॅचरीला कुलूप. मी म्हटलं, मला मामांची सगळ्यात आवडती मादी द्या आणि मामांना समोर बसवा. वार नेमका शुक्रवार.

"शुक्रवारीं लक्ष्मीचा गाल कापतां?" मामा किंचाळले. "बाई, तुम्हांस घरदार अहे की नाही?"

"कापत नाही सर. नुसतं झाकण उचलते."

चिमट्यानं गालाचं झाकण उचललं. आत कल्ल्यांवर ठाण मांडून एक किडा बसलेला. भोपळ्याच्या बीएवढा, पांढुरका, एका अंगाला वाकडा. असा किडा कोळंबी लहान असतानाच आत शिरतो, तिथंच वाढतो, तिचं रक्त पितो. कोळंबी मरत नाही. फिरते, खाते, चांगली ठणठणीत दिसते. फक्त तिला अंडी म्हणून धरत नाहीत. नरात शिरला तर त्याचंही नरपण जातं. किडा वाढतो तसं कवच वर उचललं जातं, आणि गाल भरतो. पूर्वी अशा दहांत एखादीच यायची म्हणून निभावलं; बोटवाले वेचून द्यायला लागले आणि टाक्या आटल्या. मी किडा उलटा केला. त्याच्या पोटाखाली अंड्यांचा गच्च पुंजका.

मुदलाळींनी भिंगातून बघितलं. मग तमिळमध्ये हळूच विचारलं, "ही अंडी कुणाची?"

"किड्याची."

"आणि माकूळ कापून खायला घालतोय मी?"

पद्मजाला हसू आवरेना. ती तोंडाला हातमोजा लावून बाहेर पळाली. मी मात्र मामांकडे बघत होते. म्हटलं, आता ह्या हाताचा निकाल लागला. कितीही झालं तरी माणूस आहे, खजील होईल, निदान घाम पुसेल. त्यांनी भिंगाला डोळा लावला. मग उठले, रुमाल नीट केला आणि म्हणाले, "हेंच मी बोलत होतों."

"काय?"

"गाल भरला म्हणजे दोष अहे. हाताला कळत होतं, म्हणून तर हात तिकडे जात होता! अर्थ लावायला शास्त्र लागतें, तें आज जालं."

पडलो तरी नाक वर, हे ठीक. पण ह्यांचं नाक पडताना जमिनीला लागलंच नाही. त्या दिवसापासून मामा धक्क्यावर चपट्या गालाच्या माद्या निवडायला लागले, फुगल्या गालाच्या परत फेकायला लागले, टाक्या अंड्यांनी भरल्या, आणि मुदलाळींनी सगळ्यांना पेढे वाटून जाहीर केलं की शेवटी कैरासी ती कैरासी. मला पेढा मिळाला. एक. राग म्हणजे इतका आला होता मला की तो पेढाही मी खाल्ला नाही, आणि मी पेढा सोडणारी बाई नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून विसरले असते. पण काही दिवसांनी टी. नगरमध्ये साडीच्या दुकानात मी एक कांजीवरम उलटीपालटी करत होते, तर माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर हॅचरीचं नाव वाचून एक बाई थेट अंगावर आल्या. बरोबर मुलगी, छान गोल चेहऱ्याची, डोळे रडून सुजलेले.

"तुम्हीच की त्या कोळंबीच्या बाई? माझ्या मुलीच्या गालांत किडा अहे म्हणून तुम्ही सांगितलां?"

दुकानातले सगळे विक्रेते साड्या सोडून आमच्याकडे बघायला लागले. हळूहळू उलगडा झाला. ह्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मागे मामांनीच "लक्ष्मी" म्हणून पसंती दिलेली. आता मामा स्वतः मुलाच्या घरी जाऊन म्हणाले, भरल्या गालाचा अर्थ बदलला आहे, मालवणच्या बाईंनी भिंगातून सिद्ध केलं. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं.

"अहो, माणसांना कल्लेच नसतात!" मी ओरडले. "किडा बसणार कुठं?"

बाई गोंधळल्या. "मग ते मोठे गृहस्थ कसं बोलले?"

दुसऱ्या दिवशी मी मामांना गाठलं, दार लावून घेतलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग वत्सलपणे म्हणाले, "बाई, दिसत नाही म्हणून नाही काय? तुम्ही उघडलं नसतं तर कोळंबींतही दिसला नसता." त्या मुलीचं लग्न माझ्या भिंगानं मोडलं, ही गोष्ट मला अजून झोंबते. मामांना ती कधी टोचली असेल असं वाटत नाही.

मग तो सोमवार. राहुकाळ टळल्यावर हॅचरीच्या दारात मामांची गाडी थांबली. मामा उतरले जरीच्या उपरण्यात, हातात चांदीचं ताट. ताटात नारळ, विड्याची पानं, मोगऱ्याचा गजरा, वर घडी न मोडलेली रेशमी साडी. राघू मागं गाडीतच, एसी चालू ठेवून. मामा सरळ लॅबमध्ये आले. पद्मजा माकूळ चिरत होती, कोपरापर्यंत हात बरबटलेले.

"पद्मजा," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शास्त्रानं सिद्ध जालं. बसलेला गाल निर्दोष अहे. आमच्या घरांत ये."

टाकीवरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मला स्वतःला, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. म्हटलं, कारण गाढवाचं का असेना, पोरीचं भलं होतंय ना, मग झालं! मी तिला खूण करत होते, हात धू, ताट घे.

तिनं हात धुतले. सावकाश, साबण लावून. मग म्हणाली, "मामा, ह्याच जागीं तुम्ही मला वांझ म्हटलां."

"तेव्हां शास्त्र आलं नव्हतं."

"उद्यां दुसरं शास्त्र आलं तर?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तर तेव्हां पाहूं की."

कुणीतरी फिसकन हसलं. पद्मजा हसली नाही. ती म्हणाली, "राघूला आंत बोलवा."

राघू आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हाफ डे टाकून आलेला. त्यानं तिच्याकडे बघितलं तेव्हा मला दिसलं की ह्या पोराला ती खरंच हवी आहे. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हटलं, बोल रे बाबा, एकदाच बोल.

"राघू," ती म्हणाली, "अप्पांचं सोड. अप्पांनी परत नको म्हटलं, तरी मी तुला पाहिजे काय? हो बोल, मी आतां ह्या कपड्यांत येतें. आईला मी सांगतें."

राघूनं तोंड उघडलं. बापाकडे बघितलं. परत तिच्याकडे. मग खरंच गोंधळून, लहान पोरासारखं म्हणाला, "पण पद्मा, अप्पा आतां हो बोलतात की!"

तिनं ओले हात कपड्यांना पुसले. मग मान हलवली.

"तें ऐकलं," ती म्हणाली. "मला तुझं ऐकायचं होतं."

मामांना काही कळलंच नाही. ते ताट पुढे करून उभेच, एकदा मुलाकडे बघत, एकदा तिच्याकडे, मुलगी हो म्हणाली की नाही म्हणाली हे कुणीतरी सांगेल म्हणून. राघूला कळलं. तो तिथंच खुर्चीवर बसला आणि ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मी इतके दिवस ह्या बापलेकांना हसत आले होते. त्या वेळी मला रडू आलं, ते राघूसाठी की तिच्यासाठी, देव जाणे.

पद्मजा रडली नाही. तिनं चिरलेल्या माकुळाची बादली उचलली आणि माद्यांना खायला घालायला गेली.